अकरावीतलं कॉलेज, खरंखुरं

(दृश्य : पावसाळी सकाळ. बेलव्ह्यू कॉलेजजवळचा बसथांबा. पाठीवर सॅक घेतलेली मुलं.)

दहावी झाली की आपल्याकडे पोरं 'कॉलेजला' जातात. म्हणजे ज्युनिअर कॉलेजला. नाव कॉलेजचं, पुस्तकं अकरावीची. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मात्र अकरावीतली मुलगी कॉलेजला जाते ती थेट पदवीच्या वर्गात. शेजारच्या बाकावर कधी दोन मुलांची आई, कधी सैन्यातून परतलेला जवान. ती सोळा वर्षांची आहे, हे प्राध्यापकांच्या गावीही नसतं.

या योजनेचं नाव रनिंग स्टार्ट. मिनेसोटा राज्यानं १९८५ मध्ये ही वाट पाडली, वॉशिंग्टननं १९९० मध्ये कायदा केला. अकरावी-बारावीच्या मुलांनी कॉलेजात विषय घ्यायचे, शिकवणीची फी माफ, आणि एकाच अभ्यासाचं क्रेडिट, म्हणजे पुरा केलेल्या अभ्यासाची मोजदाद, शाळेतही धरायची, कॉलेजातही. शाळेचं एक क्रेडिट मिळवायला एरवी वर्ष लागतं. इथे पाच क्रेडिटचा कॉलेजचा एक विषय झाला की तेच काम साधारण अकरा आठवड्यांत होतं. असे नव्वद क्रेडिट जमले की दोन वर्षांची असोसिएट पदवी. काही मुलं बारावीबरोबरच ती घेऊन बाहेर पडतात.

(दृश्य : टेबलावर एक फॉर्म. पेन धरलेला हात.)

हा रनिंग स्टार्टच्या नावनोंदणीचा फॉर्म. दर क्वार्टरला, म्हणजे कॉलेजच्या त्या अकरा आठवड्यांच्या सत्राला, नव्यानं. सही विद्यार्थ्याची, पालकांची आणि शाळेतल्या कौन्सेलरची. शाळेत किती विषय ठेवले, त्यावर कॉलेजात किती क्रेडिट फुकट, हे इथे ठरतं. त्यापुढचे पैसे घरचे. पुस्तकंही एरवी घरचीच. कमी उत्पन्नाच्या घरांना थोडी सवलत मिळते.

२०२२ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना राज्यात जवळजवळ सगळीकडे बस फुकट आहे. पण बस असली तर! राज्याच्या ग्रामीण भागात, यकिमाकडच्या सफरचंदांच्या बागांमधून कॉलेज गाठायचं तर घरात एक जास्तीची गाडी हवी. अशा मुलांसाठी दुसरी सोय आहे : शाळेतच, शाळेच्याच शिक्षकांकडून कॉलेजचा विषय. त्याला पूर्वी फी पडायची. सरकारी कॉलेजांपुरती ती २०२३ च्या कायद्यानं गेली. हे व्हायला इतकी वर्षं का लागावीत, कोण जाणे.

(दृश्य : सिएटलजवळच्या रेडमंडमधलं एक स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी.)

इथे आयटीतली मराठी घरं बरीच. शाळेच्या पोर्टलवर लेकीचे गुण रोज बघायची आईला सवय. कॉलेजला फोन केला, तर पलीकडून गोड आवाजात नकार. कॉलेजात नाव घातलं की तिथल्या निकालाचा हक्क विद्यार्थ्याचा, वय सोळा का असेना, असा इथला केंद्रीय कायदा. शाळेकडे पोहोचलेले गुण पालकांना शाळेत बघता येतात, पण प्राध्यापकांशी बोलायचं ते लेकीनंच. मला विचाराल तर फीमाफीपेक्षा हाच या योजनेचा मोठा भाग. आईला ते अजून पटलेलं नाही.

तिची धास्तीही खोटी नाही. शाळेतच कॉलेजच्या तोडीचा विषय शिकून मे महिन्यात एपी नावाची परीक्षा देता येते. तिच्यात पाचपैकी दोन पडले, तर ते कुणाला न कळवता गप्प बसता येतं. इथे तसं नाही. सोळाव्या वर्षी नापास झालेला विषय कॉलेजच्या गुणपत्रिकेवर कायमचा राहतो. शिवाय वॉशिंग्टनची सरकारी विद्यापीठं ही क्रेडिट सहसा घेतात. खासगी आणि परराज्यातली आपापल्या मर्जीनं. दोन वर्षं वाचली की नाही, हे पुढचं कॉलेज ठरल्यावरच कळतं.

(दृश्य : फ्रिजचं दार. चुंबकानं लावलेली दोन कॅलेंडरं.)

एक शाळेचं, एक कॉलेजचं. कॉलेजची सुट्टी मार्चअखेर, शाळेची एप्रिलमध्ये. पुण्याचं तिकीट कोणत्या तारखेचं काढायचं, यावर या घरात तिसऱ्या दिवशीही खल चालू आहे.