अपेंडिक्स काढलं, पण कुठल्या ग्रेडचं?

रात्रीचे अडीच. घोडबंदर रोड या वेळेला तरी मोकळा असतो, मानपाड्याहून निघालेली रिक्षा पटकन पोचली आणि त्यातून उतरलेला कॉलेजचा पोरगा उजवीकडे वाकून चालतोय, मागून आई म्हणतेय गॅसच असेल रे, ओवा दिला होता मी.

संध्याकाळी बेंबीभोवती दुखत होतं, मग खाली उजवीकडे सरकलं. जेवण नको, एक उलटी. डॉक्टर पोट हळू दाबतात आणि हात पटकन उचलतात, पोरगा कळवळतो तो हात उचलताना.

या लक्षणांना मार्क असतात, दहापैकी. ब्लड रिपोर्टमधल्या पांढऱ्या पेशींचेही त्यातच. अल्वाराडो स्कोअर म्हणतात त्याला, १९८६ सालचा. पण तो सांगतो फक्त अपेंडिक्सला सूज असण्याची शक्यता किती. ते आत किती बिघडलंय आणि पेशंट घरी कधी जाणार हा हिशोब वेगळा, आणि आपल्याकडे "अपेंडिक्स काढलं" एवढ्यावरच विषय संपतो, याचंच मला वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जन लोकांच्या संघटनेने यासाठी पाच ग्रेड ठरवल्यात. सुजलंय पण शाबूत, ही पहिली. काळंनिळं पडून सडायला लागलंय पण अजून फुटलं नाही, दुसरी. तिसरीत फुटतं पण घाण तिथल्या तिथे राहते, चौथीत आजूबाजूला गोळा किंवा पू धरतो, आणि पाचवीत तीच घाण पोटभर पसरलेली असते. सीटी स्कॅनमध्ये एक ग्रेड दिसावी आणि दुर्बिणीतून बघितल्यावर वरची निघावी असंही होतं. ग्रेड जेवढी वरची तेवढा मुक्काम लांबतो, जखमेत पू होणं, पोटात परत गळू धरणं, पुन्हा ॲडमिट व्हावं लागणं, सगळ्याचीच भीती वाढत जाते.

पोराची पहिली ग्रेड निघाली. ट्रेमध्ये ठेवलेलं अपेंडिक्स करंगळीपेक्षा जरासं जाड, लालबुंद, पण अखंड.

सकाळी शेजारच्या बेडवर कळव्याचे काका. तीन दिवस मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून घेत होते, सुट्टी नको म्हणून. तिसऱ्या दिवशी दुखणं एकदम कमी झालं, घरच्यांना हायसं वाटलं, पण ते फुटलं होतं तेव्हाच, आतला ताण गेला म्हणून थोडा वेळ आराम पडला आणि मग रात्रीपर्यंत अख्खं पोट फळीसारखं कडक. पाचवी ग्रेड. पोट उघडून धुवावं लागलं, दोन दिवस आयसीयू.

सिस्टर त्यांच्या ड्रेनची पिशवी खिडकीच्या उजेडात धरून बघतायत. काल गढूळ होतं, आज जरा पातळ, किती एमएल ते फाइलमध्ये लिहून घेतात.

"तुला कधी सोडतायत रे?" काका विचारतात.

"उद्या म्हणाले, काका."

काका मान हलवतात आणि नळी सांभाळत हळूच कुशीवर वळतात.