राशीच्या वेळी सोयाबीनचा भाव का पडतो?

नमस्कार श्रोतेहो. सोयाबीन पेरताना पुढं भाव काय मिळेल हे कुणालाच ठाऊक नसतं. पण रास, म्हणजे मळणी, झाल्यावर भाव का पडला, एवढं तरी आपल्याला कळायला हवं. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

लातूरच्या मोंढ्यात खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून ओलावा बघतो आणि भाव बोलतो. मात्र तो भाव त्याच्या मनाचा नसतो. क्विंटलभर सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण 18 किलो. उरते ती बहुतेक सगळी पेंड, व्यापाऱ्यांच्या बोलीत डीओसी. ही पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, काही परदेशात जाते. तेलाचं म्हणाल तर देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. तिकडं काही हललं की आपल्या औसा-निलंग्याच्या शेतकऱ्याच्या विक्रीच्या पट्टीवरचा आकडा हलतो.

2020 च्या सुरुवातीला कोंबडीमुळं कोरोना होतो अशी अफवा उठली. पोल्ट्रीवाले बुडाले आणि पेंडेची मागणीही बसली. पुढच्याच वर्षी उलट झालं. ऑगस्ट 2021 च्या सुमारास लातुरात सोयाबीननं क्विंटलमागं दहा हजारांचा टप्पा ओलांडला. तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात विकायला माल उरलेला नव्हता. पोल्ट्री उद्योगाची ओरड झाली, केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवी रास मोंढ्यात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आला. डिसेंबरात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदेही बंद झाले.

आता जरा लांबची साखळी सांगतो, कारण ती फारशी कुणी उलगडून सांगत नाही. 2023 साली मराठवाड्यात पावसानं ओढ दिली, ऊस घटला. साखर कमी पडेल या धास्तीनं केंद्रानं डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. इथेनॉलसाठी मग मक्याकडं मोर्चा वळला. मक्यातून इथेनॉल काढल्यावर प्रथिनांनी भरलेला चोथा उरतो, तो पेंडेपेक्षा स्वस्त पडतो. कोंबडीखाद्यवाल्यांनी तो उचलला आणि सोयापेंडेची मागणी घटली. आपल्याच भागातल्या दुष्काळाचा फटका असा फिरून आपल्याच सोयाबीनला बसला.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयातशुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. निर्णय योग्यच होता. पण त्यानं आधार मिळाला तो 18 किलो तेलाला. बाकीच्या पेंडेला गिऱ्हाईक नव्हतं. हमीभाव 4892 रुपये असताना ऐन हंगामात बाजार त्याखालीच राहिला. हमीभावानं खरेदी होत होती, पण ओलाव्याची अट 12 टक्क्यांची. ती 15 वर आणेपर्यंत नोव्हेंबर निम्मा सरला होता. ज्याला दिवाळी काढायची होती, त्यानं मिळेल त्या भावात माल घातला.

हे नुकसान एकट्या शेतकऱ्याचं राहत नाही. गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत बियाण्या-खताची उधारी 'रास झाल्यावर' या बोलीवर लिहिलेली असते. भाव पडला की ती वसूल होत नाही, दुकानदार कंपनीचं देणं थकवतो. लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या कापड दुकानांत लग्नाचा बस्ता आवरता घेतला जातो, सराफाकडं मोडीला येणारं सोनं वाढतं, ट्रॅक्टरचे हप्ते तुंबतात. हमालाची मजुरीही पोत्यांवरच असते.

माझं ठाम म्हणणं आहे की आयातीचे आणि शुल्काचे निर्णय पेरणीआधी, मे महिन्यातच जाहीर व्हावेत. बी मातीत पडल्यावर शेतकऱ्याला पीक बदलता येत नाही. आयात करणाऱ्याला मात्र जहाज कधीही मागवता येतं.

तोवर आपल्या हातात एक वाट आहे: पणन मंडळाची शेतमाल तारण योजना. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळते. भाव चढेलच याची हमी त्यात नाही, म्हणून सगळा माल ठेवू नका. देणी भागतील एवढा विका, उरलेला वाळवून, चाळून ठेवा. तुमच्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का, हे रास होण्याआधीच विचारून या.