सतरा तारीख, दोनदा

(पडद्यावर: फेब्रुवारी २०१८ चं कॅलेंडर. कॅमेरा हळूहळू तिसऱ्या आठवड्यावर येतो.)

बुकिंगसाठीचं हे कॅलेंडर आम्ही मुद्दाम बिघडवलेलं आहे. टाइमझोन ब्राझीलमधल्या साओ पावलोचा. शुक्रवारी १६, शनिवारी १७... आणि रविवारच्या चौकटीत पुन्हा १७. पुढे सगळं एक घर सरकलेलं. शेवटच्या, अठ्ठाविसाव्या चौकटीत आहे २७. अठ्ठावीस तारीख गायब.

जावास्क्रिप्टच्या कोडमध्ये काही वेडंवाकडं नाही. एक तारखेची मध्यरात्र घ्यायची आणि दर फेरीला ८,६४,००,००० मिलिसेकंद मिळवायचे. म्हणजे २४ तास, एक दिवस.

पण ब्राझीलमध्ये तेव्हा उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे असायचं. १७ फेब्रुवारीच्या रात्री बारा वाजले, तसे काटे मागे नेले गेले आणि पुन्हा अकरा वाजले. तो शनिवार भरला २५ तासांचा. त्याच्या मध्यरात्रीत २४ तास मिळवले, तर आपण पोचतो शनिवारीच, रात्री अकराला. जावास्क्रिप्टला तारीख विचारली, तिनं १७ सांगितली. तिचं उत्तर बरोबरच आहे.

(पडद्यावर: ४ नोव्हेंबर २०१८.)

घड्याळ पुढे नेतानाची गंमत याहून वाईट. या दिवशी साओ पावलोत मध्यरात्र झालीच नाही. ११:५९ नंतर थेट एक. इथली मध्यरात्र मागितली, की जावास्क्रिप्टमधलं तारीख-वेळ सांभाळणारं डेट ऑब्जेक्ट गुपचूप पहाटेचा एक हातात ठेवतं. (कोडमध्ये नोव्हेंबरसाठी महिना मात्र १० लिहायचा. महिने शून्यापासून मोजायची ही खोड १९९५ मध्ये जावा या दुसऱ्या भाषेकडून आली, ती अजून गेलेली नाही.)

आता हीच फाइल पुण्यातल्या लॅपटॉपवर. कॅलेंडर एकदम स्वच्छ. महायुद्धाच्या काळात भारतातही घड्याळ तासभर पुढे होतं, पण १९४५ नंतर त्याला कुणी हात लावलेला नाही. म्हणून ‘माझ्याकडे तर नीट चालतंय’ हे पुण्यातलं उत्तर खरंच असतं. क्लायंटचा टाइमझोन लावून नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, चालवेपर्यंत.

(पडद्यावर: टर्मिनल. टाइमझोन बदलतो. पुन्हा दोन १७.)

मिलिसेकंदांची ओळ काढली. त्याजागी तारीख बदलणारं सेटडेट हे फंक्शन वापरून तारखेतच एक मिळवला. सुरुवातही मध्यरात्रीऐवजी दुपारी बाराला केली, कारण त्या वेळी कुणी घड्याळाला हात लावत नाही.

ब्राझीलनं २०१९ मध्ये ही पद्धत बंद केली. २०१८ ची बुकिंगं मात्र डेटाबेसमध्ये तशीच आहेत.

(पडद्यावर: कॅलेंडर पुन्हा उघडतं. शेवटच्या चौकटीत २८.)