हात मागे, उस्ताद

श्रोतेहो, नमस्कार.

दापोलीला आमची जुनी माणसं अजून ‘कॅम्प’च म्हणतात. इंग्रजांची छावणी होती इथे. आजही आमच्या वाड्यांमधून एखादा तरी फौजी निघतोच. मी त्यांतलाच. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. ‘सर्वे सन्तु निरामयाः’ हे आमच्या कोअरचं ब्रीद. आज बोलायचंय ते भूतानमधल्या दिवसांबद्दल.

भारताचं लष्करी प्रशिक्षण पथक, फौजेत ज्याला ‘इम्ट्रॅट’ म्हणतात, ते १९६२पासून भूतानमध्ये आहे. पश्चिमेकडचं ‘हा’ नावाचं खोरं हे त्याचं मुख्य ठिकाण. उंची साधारण २,७०० मीटर. खाऱ्या वाऱ्यात वाढलेला मी, तिथे पहाटे सलाईनची बाटली हातात धरली की बोटं बधिर व्हायची. रॉयल भूतान आर्मीच्या जवानांना हे पथक शिकवतं, एवढं पुष्कळांना माहीत असतं. पण फौज म्हटली की तिचे आजारी, जखमी आले, आणि त्यांना बघणारी माणसं त्याच मातीतली तयार व्हावी लागतात. ते काम फार सावकाशीचं.

एकदा एक जवान लाकडं फोडताना पायावर कुऱ्हाड बसून आला. टाके घालायला माझ्याकडे शिकणारा भूतानी पोरगा बसला होता. वय असेल बावीस-तेवीस. सुई चिमट्यात धरली, पण हात थरथरायला लागला. कपाळावर घाम, त्या थंडीत. माझा हात आपसूक पुढे गेला. मागे उभ्या असलेल्या आमच्या सुभेदारसाहेबांनी माझं कोपर धरलं आणि कानाशी म्हणाले, “हात मागे, उस्ताद. तू गावी गेलास की हा कुणाकडे बघणार?” मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. पहिला टाका तिरका पडला. चौथा सरळ आला. त्या पोरानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, ते डोळे मला अजून दिसतात.

तरी मला पुरतं कळलं नव्हतंच. एम.आय. रूमचं, म्हणजे छावणीतल्या छोट्या दवाखान्याचं, औषधांचं रजिस्टर मीच लिहायचो, इंडेंट, म्हणजे सामानाचं मागणीपत्र, मीच भरायचो. लवकर होतं ना! गणपतीला सुट्टीवर आलो, महिन्यानं परत गेलो, तर टाक्यांचा दोरा संपलेला, ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे टाक्यांची हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायच्या भांड्याच्या, झाकणाचं रबर फाटलेलं, हत्यारं पातेल्यात उकळून काम चाललेलं. पोरगा बिचारा राबत होता. पण रबर कुणाकडे मागायचं, कोणत्या कागदावर, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. चूक सर्वस्वी माझी. टाके घालायला शिकवलं, रबर मागवायला शिकवलं नाही. दवाखाना बंद पडतो तो बहुधा अशा दहा-वीस रुपयांच्या रबरापायी.

त्या दिवसापासून रजिस्टर त्याच्याकडे, कपाटाची चावी त्याच्याकडे. मुदत संपत आलेली औषधं पुढच्या फळीवर आणायची, ही युक्ती तर त्यानंच काढली.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम आपल्या कोकणाला ठाऊक आहे. लाल विंचू चावला की हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरायचं, लहान पोरं हातची जायची. त्यांनी त्यावर प्राझोसिन वापरलं. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. मला यातलं मोठेपण दिसतं ते असं, की ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टरही देऊ शकतो. बावस्कर स्वतः खाटेशी नसले तरी पेशंट वाचतो. भूतानमध्ये आम्हाला नेमकं हेच साधायचं होतं.

लढाईची गोष्ट वेगळी. १९५० साली आपली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली कोरियात गेली, तेव्हा समोर रक्त वाहत होतं. तिथे आपलेच हात चालवावे लागतात. पण शांततेच्या काळात शिकवायला गेलेल्यानं आपले हात आवरायला हवेत. पुण्याच्या ए.एफ.एम.सी.त, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, मित्रदेशांतली मुलंही डॉक्टर व्हायला येतात, ते मोलाचंच आहे. मात्र डॉक्टर घडायला वर्षं जातात, आणि बर्फातल्या चौकीवर जखमेला पहिला हात लागतो तो नर्सिंग असिस्टंटचा.

माझी बदली झाली तो दिवस सांगतो. गाडी सकाळी निघणार होती. सगळे निरोपाला आले, गळ्यात पांढरं रेशमी वस्त्र घातलं. तो पोरगा तेवढा दिसेना. जाता जाता एम.आय. रूमच्या खिडकीतून डोकावलो. सिक रिपोर्टची, म्हणजे आजारी जवानांना तपासायची, वेळ होती, सात जवान रांगेत उभे होते. तो एकाच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजत होता. बाजूला त्याच्याहून लहान एक शिपाई वही घेऊन आकडे लिहीत होता. पोराचं लक्ष माझ्याकडे गेलं नाही, आणि मी हाक मारली नाही.

नमस्कार.