ही फाइल जज साहेब बघतील का?

नमस्कार मंडळी. परवा नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळ, कोर्टाच्या आवारात एक मावशी बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मुलाची मानसोपचाराची फाइल. गोळ्यांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, सगळं तारखेनुसार लावलेलं. मुलाकडे एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाची नशेची पावडर, सापडलेली. मला विचारतात, "दादा, ही फाइल जज साहेब बघतील ना?"

बघतील मावशी, पण आधी वजन बघतील.

२०२३ मध्ये आपल्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला, आठवतंय? कारखाना चालवणारा आणि नशेच्या आहारी गेलेला पोरगा, दोघांनाही १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदाच लागतो. फरक पडतो तो ग्रॅमवर. एमडी २ ग्रॅमपेक्षा कमी, तर अल्प मात्रा. ५० ग्रॅमच्या वर गेली की व्यापारी मात्रा, किमान १० वर्षं. तिथे आजार कितीही खरा असो, शिक्षा १० वर्षांच्या खाली आणता येत नाही.

आणि भेसळ? २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, भेसळीसकट वजन धरायचं. म्हणजे अर्धा ग्रॅम एमडीत दोन ग्रॅम पावडर मिसळलेली असेल, तर कायद्याच्या काट्यावर अडीच ग्रॅम. मला हे फार लागतं, कारण पुडीत काय मिसळलंय हे त्या पोराला कुठे माहीत असतं?

"तो मनोरुग्ण आहे, सोडून द्या," एवढ्यावर सुटका होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ प्रमाणे, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे त्या क्षणी कळतच नव्हतं, असं आरोपीला सिद्ध करावं लागतं. डिप्रेशनची चिठ्ठी तिथे पुरत नाही.

मग फाइल कुठे कामाला येते? एनडीपीएस कायद्याच्या कलम ३९ मध्ये. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात दोषी ठरला, तर त्याचं वय, पूर्वेतिहास, शारीरिक आणि मानसिक अवस्था बघून कोर्ट लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीने, बाँडवर उपचाराला पाठवू शकतं. मानसिक अवस्था हे शब्द कलमातच आहेत!

त्याच्याही आधी कलम ६४अ आहे. अशाच गुन्ह्यात स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर खटल्यापासूनच संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले, तर ते काढून घेता येतं.

मावशींना म्हटलं, निकालाची वाट बघू नका, आजच वकिलांना ही दोन कलमं विचारा. मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स द्या. त्या तशाच उठल्या आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे गेल्या.