फटींमधली वस्ती

हा ओल्म. सॅलमँडर, म्हणजे पालीसारख्या अंगाच्या उभयचरांच्या गटातला, वीतभराहून थोडा लांब. दक्षिण युरोपातल्या डिनारिक डोंगरांखालच्या पाण्यात याचा सगळा जन्म जातो. कातडी फिकट, डोळे तिच्याखाली बुजलेले, आणि मानेपाशी हे लालसर कल्ले. पुरात वाहून बाहेर आलेला ओल्म लोकांना ड्रॅगनचं पिल्लू वाटायचा; स्लोव्हेनियातले अभ्यासक वाल्वासोर यांनी १६८९ साली तशी नोंद केली आहे. आता त्याची मान बघा, कशी वळतेय. दिसत काहीच नाही, पण वासावरून आणि पाण्यातल्या हालचालीवरून त्याने भक्ष्य हेरलंय. भक्ष्य मिळालं नाही, तरी तो कित्येक वर्षं तग धरतो.

भिंतीवरचा हा भुंगेरा जेमतेम सेंटिमीटरभर. लांबलचक पाय, बारीक मान, घुमटासारखी फुगीर पाठ. १८३१ साली स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत तो लुका चेच यांना सापडला. चेच गुहेत दिवे लावायचं काम करत. पुढच्याच वर्षी फर्डिनांड श्मिट यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं.

तरीही गुहेचा अभ्यास म्हणजे खडक, पाणी आणि नकाशे, हीच समजूत पुढे बरीच वर्षं टिकली. गुहेतल्या जिवांना त्या अभ्यासात हक्काची जागा मिळवून दिली रुमानियाच्या एमिल राकोवित्सा यांनी. १९०७ साली त्यांनी या शास्त्राचे प्रश्नच मांडणारा मोठा निबंध लिहिला, आणि १९२० साली क्लुज शहरात जगातली पहिली गुहासंशोधन संस्था उभी केली. माणूस शिरू शकतो तेवढीच गुहा धरून चालणार नाही, हे त्यांनी ठासून सांगितलं. खडकातल्या अरुंद फटीसुद्धा या जिवांची वस्तीच आहेत.

त्या फटींत हात जात नाही. म्हणून ही युक्ती. छतातून गळणाऱ्या थेंबाखाली नरसाळं, त्याखाली बारीक जाळीची बाटली. थेंबाथेंबाने पाणी निघून जातं, जाळीत मागे उरतात मिलिमीटरहूनही लहान कवचधारी जीव, कॉपेपॉड. सूक्ष्मदर्शकाखाली हा एक पोहतोय. गुहेच्या छतावरच्या खडकात पाणी साठून राहतं, याचा हा जिवंत पुरावा. खडकाच्या अभ्यासकांनाही तो हवाच असतो.

वरच्या शेतांतली खतं आणि सांडपाणी याच फटींतून खाली झिरपतं, आणि पुढे झऱ्यांत, विहिरींत पोचतं.

नवी गुहा सापडली की मोजणीचे दोर आधी आत जातात. आमचं म्हणणं आहे, जीवशास्त्रज्ञाला त्याच पहिल्या तुकडीत घ्या. या ओल्या चिखलावरही प्राणी राहतात, आणि बुटांखाली ते चिरडले जातात.