आठ वाजताचा बिगुल

नमस्कार श्रोतेहो. युद्धस्मारक म्हटलं की डोळ्यासमोर येतो उंच खांब, एखादी तोफ, पुतळा. पण तिथं गेल्यावर गळा दाटून येतो तो नावांमुळे. नुसती नावं, हं. वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धाची काळ्या ग्रॅनाइटची भिंत आहे, १९८२ ची, तिच्यावर ५८ हजारांहून जास्त नावं कोरलीयत आणि दगड इतका चकचकीत की नाव वाचता वाचता आपलाच चेहरा दिसतो. लोक नावावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उमटलेलं नाव घरी नेतात.

पण मला सांगायचंय ते बेल्जियममधल्या ईपरबद्दल. तिथं मेनिन गेट म्हणून मोठी कमान आहे. पहिल्या महायुद्धात त्या भागात मेलेल्या, पण ज्यांची कबर कुठंय हेच माहीत नाही अशा ५४ हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिच्यावर आहेत, त्यात भारतीय सैनिकही आहेत. १९२८ साली तिथं एक प्रथा पडली, संध्याकाळी आठ वाजता कमानीखालची वाहतूक थांबवायची आणि बिगुलवर लास्ट पोस्ट वाजवायचं, म्हणजे सैन्यात दिवस संपल्याची खूण असते ती धून. वाजवणारे कोण, तर तिथल्या अग्निशमन दलातले स्वयंसेवक. मग १९४० मध्ये जर्मन सैन्य शिरलं आणि बिगुल बंद पडला. चार वर्षं बंद. ६ सप्टेंबर १९४४ ला पोलिश सैनिकांनी ईपर सोडवलं आणि त्याच संध्याकाळी, शहराच्या दुसऱ्या भागात लढाई चालू असताना, कमानीखाली पुन्हा लास्ट पोस्ट वाजलं. त्याच संध्याकाळी! लोकांनी दुसऱ्या दिवसाचीसुद्धा वाट नाही पाहिली.

आणि हे रेकॉर्डिंग लावून झालं नसतं. हल्ली श्रद्धांजली असो नाहीतर प्रार्थना, स्पीकरवर लावून मोकळे होतात, मला ते अजिबात पटत नाही, बेसूर का होईना पण माणसानं म्हणावं, माणसानं वाजवावं, त्याला छातीतला श्वास लागतो.

असो, नावांकडे येतो. ईपरच्या आसपासच्या जमिनीत अजूनही सैनिकांचे अवशेष सापडतात. एखाद्याची ओळख पटली की त्याला स्वतःच्या नावाची कबर मिळते आणि मग कमानीवरचं त्याचं नाव काढतात. बाकीचे अजून तिथंच आहेत, आणि आठ वाजले की बिगुल वाजतो.